आठ खुर्च्या, जुनी गिऱ्हाइकं आणि दारातली रांग

रानजाई | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

मंडळी, हा धागा काढू की नको असं दोन आठवडे चाललं होतं. आता काढतेच, कारण इथले बरेच जण जपानला जाऊन आलेत आणि नोव्हेंबरात आणखी कितीतरी जण निघालेत.

मी अकरा वर्षं तोक्योत आहे. घर निशी-कासाईला, ऑफिस मोन्झेन-नाकाचोला, तोझाई लाइनवर चौथं स्टेशन. ऑफिसमागच्या गल्लीत एक सुशीचं दुकान आहे. लाकडी काउंटर, आठ खुर्च्या, टेबल एकही नाही. सत्तरीतला ताइशो (सुशी करणाऱ्या मालकाला गिऱ्हाइकं याच नावाने हाक मारतात) आणि चहा, फोन, हिशेब सांभाळणारी त्याची बायको, म्हणजे ओकामी-सान. मला तिथे पहिल्यांदा ऑफिसातल्या एक ज्येष्ठ बाई घेऊन गेल्या. पुढे मी एकटी जायला लागले. एकदा मी जरा जास्त वासाबी मागून घेतलं होतं. त्यानंतर मागावं लागलंच नाही, माझ्या तुकड्यात ते नेहमी किंचित जास्त असतं.

दर गुरुवारी दुपारी तिथे एक आजोबा यायचे. कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. आधी कोहादा, मग एखादा पांढरा मासा, शेवटी आनागो, म्हणजे शिजवलेली समुद्रातली वाम. पाऊण तासात उठायचे. कोहादा हा लहानसा चंदेरी मासा. त्याला मीठ लावून ठेवायचं, धुवायचं, मग व्हिनेगरमध्ये मुरवायचं. मीठ किती वेळ ठेवायचं ते माशाच्या अंगातल्या चरबीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. ताइशो पहिला तुकडा ठेवायचा आणि आजोबांकडे बघायचा. आजोबा चावून मान हलवायचे. एकदा मान हलली नाही. कुणीच काही बोललं नाही. पुढच्या गुरुवारी ताइशो पहिला तुकडा ठेवून हातातलं काम थांबवून उभा राहिला. मान हलली, तेव्हा कुठे त्याने पुढचा मासा कापायला घेतला. 'जोरेन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात 'नेहमीचं गिऱ्हाईक' असा दिलाय. मला तो खरा त्या दिवशी कळला.

गेल्या वर्षी कुणीतरी दुकानाचा व्हिडिओ टाकला. आता अकराला नोरेन (दारावरचा कापडी पडदा) लागायच्या आधीच वीस-पंचवीस माणसं उभी असतात, बहुतेक सगळी परदेशी. आजोबांचे गुडघे दुखतात, त्यांना तासभर उभं राहवत नाही. मार्चपासून ते आलेले नाहीत.

आणि यात माझाही हात आहे, तेही लिहिते. एप्रिलमध्ये पुण्याहून ओळखीतले सहा जण आले. सुशी खायचीच होती, म्हणून मी त्याच दुकानात रात्रीच्या सहा खुर्च्या सांगून ठेवल्या. आठातल्या सहा! चार जण आले, तेही पंचवीस मिनिटं उशिरा. उरलेले दोघं दमले होते म्हणून हॉटेलातच राहिले. आलेल्यांतले एक जण शाकाहारी आहेत हे मला काउंटरवर बसल्यावर कळलं. एकाने मनगटावरचं जड घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि सरकवलं. ते हिनोकीचं (जपानी सुरूसारख्या झाडाचं) लाकूड आहे, रंधा मारलेलं, वर पॉलिश नाही. अंगठ्याएवढा चरा उठला. ताइशोने फक्त बघितलं. शेवटी दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर मांडलेल्या ताटल्या ओकामी-सान एकेक करून उचलत होत्या, ते मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेले, तर दोघांनी उलट मलाच कमरेत वाकून नमस्कार केला.

पर्यटकांनी येऊ नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. मीही एक दिवस पहिल्यांदाच आत शिरले होते. पण अशा दुकानात खुर्ची म्हणजे त्या दिवशी सकाळी तुमच्या नावाने घेतलेला मासा असतो. हे लक्षात ठेवून आलं, की नवखा माणूसही तिथे परका राहत नाही. तुमचे अनुभव लिहा.

---

सागरगोटा | १४ ऑक्टोबर, रात्री ११.०५

फार मनापासून लिहिलंय. मी ओसाकात सहा वर्षं काढली, म्हणून थोडी भर घालतो.

सहा जण, त्यात लहान मुलं, एक शाकाहारी, एकाला वेळेची घाई, अशा मंडळींसाठीच तर काइतेन-झुशी आहे, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरची सुशी. ती ओसाकाचीच देणगी. शिराइशी योशिआकी नावाचे दुकानदार होते. त्यांना हाताखाली माणसं पुरत नव्हती. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्यांना कल्पना सुचली आणि १९५८ साली हिगाशी-ओसाकात 'गेनरोकु झुशी' हे पट्ट्याचं दुकान सुरू झालं. १९७० च्या ओसाका एक्स्पोत ते लाखो लोकांनी पाहिलं आणि देशभर पसरलं. तिथे कुणी नवखा नाही आणि कुणी जुना नाही. किंमत ताटलीच्या रंगावरून कळते, बोलावं लागत नाही. पोरांनी आरडाओरडा केला तरी शेजारच्या टेबलावरही पोरंच असतात.

आपले लोक याला हलकं समजतात, 'खरी' सुशी काउंटरवरचीच म्हणतात. जपानी कुटुंबं रविवारी जातात कुठे? तिथेच.

रांगेची एक युक्ती सांगतो. मोठ्या साखळ्यांच्या दुकानात स्थानिक लोक घरातूनच ॲपवर नंबर लावून निघतात. पर्यटक दारातल्या यंत्रातून चिठ्ठी काढतात, दीड तास बसतात आणि मागून आलेले पुढे गेले म्हणून चिडतात. आधी ॲपचं बघा.

---

निर्भीड_नागपूर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

लेख आवडला, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगायलाच हवा.

मे महिन्यात मी आणि बायको गिन्झात एका दुकानात शिरलो. संध्याकाळचे साडेसहा. दहापैकी चार खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. आतल्या माणसाने हातांची फुली करून दाखवली, 'फुल'. आम्ही बाहेर उभे होतो तेवढ्यात सुटातले दोन जपानी आले आणि सरळ आत गेले. बायकोचा चेहरा उतरला. आम्ही शांत होतो, नीट कपड्यात होतो, पैसे द्यायला तयार होतो. तुमचे ते आजोबा रांगेमुळे येत नाहीत याचं मलाही वाईट वाटलं, पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या धरून ठेवायच्या आणि परक्याला दारातूनच परतवायचं, याला मी भेदभाव म्हणेन.

---

रानजाई | १५ ऑक्टोबर, दुपारी १.१५

निर्भीड, तुमच्या बायकोला जे वाटलं ते मी समजू शकते. माझ्याही वाट्याला सुरुवातीला तशी फुली आली आहे.

त्या चार खुर्च्या बहुधा सातच्या किंवा साडेसातच्या असणार, आणि ते दोघं त्यातलेच. 'रिकामी' आणि 'मोकळी' यात तिथे फरक आहे. दुकानाचा दिवस पहाटे तोयोसुच्या मासळी बाजारात सुरू होतो (ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीचा आतला बाजार तिकडे हलला, बाहेरची दुकानं अजून त्सुकिजीलाच आहेत). ताइशो ज्या मधल्या व्यापाऱ्याकडून वाम घेतो, त्याचा तो तीस वर्षांचा जोरेन. किती माणसं येणार त्यावर मासा घ्यायचा, भात कधी लावायचा तेही त्यावरच. भात अंगाच्या उबेएवढा हवा, म्हणून तो एकदम करून ठेवत नाहीत. आठ खुर्च्यांच्या दुकानात दोन माणसं आली नाहीत तर त्या रात्रीची पाव कमाई गेली. जपानच्या अर्थ-उद्योग मंत्रालयाने २०१८ मध्ये अंदाज दिला होता, की न सांगता न येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे हॉटेलधंद्याचं वर्षाला सुमारे २०० अब्ज येनचं नुकसान होतं. आता पुष्कळ दुकानं आधीच कार्डाचा नंबर घेतात, ते यामुळेच.

'इचिगेन-सान ओकोतोवारी' असा एक वाक्प्रचार आहे, म्हणजे ओळखीशिवाय पहिल्यांदा येणाऱ्याला प्रवेश नाही. ही मूळ क्योतोच्या गेइशांच्या चहाघरांची रीत. तिथे त्या रात्री पैसे घेत नसत, हिशेब मागाहून घरी जायचा आणि नवख्याने बुडवले तर त्याला आणणाऱ्याने भरायचे. त्यात जपानी-परदेशी असा प्रश्नच नव्हता, तोक्योचा मोठा शेठसुद्धा तिथे इचिगेनच. तरीही एक मान्य करते. काही दुकानदार हा शब्द पुढे करून फक्त चेहरा बघून नाही म्हणतात. ते चूकच आहे, मी त्याची बाजू घेणार नाही.

---

वेंगुर्लेकरीण | १५ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

आमची घरची खानावळ होती, सासऱ्यांनी चाळीस वर्षं चालवली. आठवड्याचे मेंबर ठरलेले: बँकेतले दोघे, शाळेचे गुरुजी, एसटीतले कंडक्टर. गुरुजींना सोलकढी आधी, जेवणानंतर नाही. कंडक्टरना बांगड्याचं डोकं. हे सगळं सासूबाईंच्या डोक्यात.

डिसेंबरात आणि मेमध्ये गाड्या भरून लोक यायचे. सगळ्यांना सुरमई नाहीतर पापलेट. बांगडा कुणी बघायचं नाही. चार पैसे त्या दोन महिन्यांत मिळायचे, ते नाकारून चालत नव्हतं, त्यावरच घराचं छप्पर झालं. पण सासूबाई एक वाजता मागच्या पडवीत चार पानं वेगळी मांडायच्याच. पुढे कितीही गर्दी असू दे. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर तेच चौघं येणार आहेत, असं म्हणायच्या.

तुमच्या ओकामी-सानना सांगा, मागे पडवी असेल तर बघा म्हणावं.

---

निर्भीड_नागपूर | १५ ऑक्टोबर, रात्री १०.१०

वेळेचा खुलासा पटला. तसं असेल तर 'साडेसातची आहेत' एवढं तरी सांगायला हवं होतं, पण भाषेची अडचण दोन्हीकडून होती हे खरं.

एक मुद्दा मात्र सोडत नाही. आज आपण ज्याला निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा) म्हणतो ती एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, १८२० च्या दशकात रुळली. हानाया योहेई यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. ती हातगाडीवर विकली जायची. उभ्या उभ्या दोन-चार तुकडे खायचे, हात पुसायचे, चालू पडायचं. तुकडे आजच्यापेक्षा बरेच मोठे होते. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाचीही भूक भागवणारं हे खाणं. त्याचं पुढे इतकं बंद दार का झालं? 'सुकियाबाशी जिरो' हे गिन्झातलं दहा खुर्च्यांचं दुकान घ्या. २०१४ मध्ये ओबामा आणि आबे तिथे जेवले. २०१९ च्या नोव्हेंबरात मिशेलिनने, म्हणजे हॉटेलांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेने, ते यादीतून काढलं. चव घसरली म्हणून नव्हे, सामान्य माणसाला तिथे जागा सांगताच येत नाही म्हणून. मला मिशेलिनचं बरोबर वाटतं.

आणि दुसरीकडे काय, तर तोयोसुला २०२४ मध्ये उघडलेल्या 'सेनक्याकु बानराइ'मधले महागडे भाताचे वाडगे. जपानी लोकांनीच त्यांना 'इनबाउन-दोन' नाव ठेवलंय, 'इनबाउंड' म्हणजे परदेशी पर्यटक आणि 'दोन' म्हणजे वाडगा. एका दारावर फुली, दुसऱ्या दारावर तिप्पट भाव. मधल्या माणसाने कुठे जायचं?

---

सागरगोटा | १५ ऑक्टोबर, रात्री ११.३०

मधल्या माणसासाठी बरंच आहे. स्टेशनांजवळ उभ्याने खायची 'ताचिगुइ' सुशीची दुकानं आहेत, तुमच्या त्या हातगाडीचीच वारस. एकेक तुकडा सांगायचा, वीस मिनिटांत बाहेर. आणि उपनगरात, जिथे प्रवासी उतरत नाहीत अशा स्टेशनावर, दुपारची ठरलेली थाळी असते. फक्त ती व्हिडिओत दिसत नाही.

गर्दीचं म्हणाल तर मुळात आकडाच बदललाय. २०१३ मध्ये जपानला येणारे परदेशी पहिल्यांदा १ कोटीच्या वर गेले. २०२४ मध्ये ते ३ कोटी ६८ लाख झाले. येन स्वस्त, विमानं भरलेली, आणि सगळ्यांच्या फोनवर तीच दहा दुकानं. आठ खुर्च्या आठच राहिल्या.

---

अर्धविराम | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.५०

मी भाषाशाळेत असताना एका पट्ट्याच्या दुकानात दीड वर्ष पार्टटाइम केलंय. ताटल्या मोजणं, ओशिबोरी (हात पुसायचे ओले रुमाल) देणं, भांडी. नावं घेत नाही.

२०२३ च्या जानेवारीत गिफुच्या 'सुशिरो'त एका मुलाने सोया सॉसच्या बाटलीचं तोंड चाटून व्हिडिओ टाकला, तो आठवत असेल. कंपनीने ६ कोटी ७० लाख येनचा दावा लावला आणि पुढे तडजोड झाली. तो मुलगा जपानीच होता, हे मुद्दाम सांगतो. त्यानंतर कित्येक दुकानांनी मोकळ्या ताटल्या फिरवणंच थांबवलं. आता पडद्यावर मागवायचं, ताटली वेगळ्या पट्ट्यावरून सुसाट येऊन तुमच्यासमोर थांबते.

आमच्याकडे दर बुधवारी दुपारी एक आजी यायच्या, फक्त त्या फिरत्या ताटल्या बघायला. तीन ताटल्या खायच्या आणि चहा घेत तासभर बघत बसायच्या. पट्टा थांबला तशा त्या यायच्या थांबल्या. जोरेन पट्ट्याच्या दुकानातही असतात.

---

पद्मजा_ठाणे | १६ ऑक्टोबर, दुपारी १२.००

रानजाई, आम्ही २३ नोव्हेंबरला तोक्योत पोचतोय. सहा जण: आम्ही दोघं, नणंद-नंदावा, त्यांची दोन मुलं. नणंद शुद्ध शाकाहारी. धागा वाचून पोटात गोळा आला, कारण मी नेमका तसाच सहा जणांचा बेत केला होता. काय करू ते स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

---

रानजाई | १६ ऑक्टोबर, रात्री ९.१५

पद्मजा, सहा जणांनी एकत्र काउंटरवर जाऊ नका. सगळे मिळून एकदा काइतेन-झुशीला जा, मुलं खूश होतील. काउंटरवर तुम्ही दोघंच जा, नाहीतर ज्यांना खरंच मासा आवडतो असे दोघं.

नणंदेसाठी माकी, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला भात: काप्पा-माकी (काकडीची), शिंको-माकी (मुळ्याच्या लोणच्याची), उमे-शिसोची माकी (खारवलेलं आंबट फळ आणि सुगंधी पान) आणि आवडलं तर नात्तो (आंबवलेले सोयाबीन). कांप्यो म्हणजे भोपळ्याच्या वाळवलेल्या फिती, आणि इनारी म्हणजे तोफूच्या तळलेल्या पिशवीत भरलेला भात. दोन्ही दिसायला शाकाहारी, पण शिजवताना बहुतेकदा दाशी घालतात आणि दाशीत वाळवलेल्या माशाचा कीस असतो. अंड्याच्या गोड वडीतही दाशी असते, कधी कोळंबीची नाहीतर माशाची पेस्टही. मिसो सूपचंही तेच. हे आधी फोनवर सांगायचं. काउंटरवर बसून सांगितलं तर ताइशोच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही.

तोयोसु बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, म्हणून खूप दुकानंही तेव्हा बंद असतात. अत्तर लावू नका, त्या एवढ्याशा जागेत दुसऱ्याच्या माशाला तुमचा वास लागतो. घड्याळ, अंगठ्या, फोन काउंटरवर ठेवू नका. फोटो विचारून काढा, विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. तुकडा समोर आला की लगेच खा, हाताने खाल्लं तरी चालतं. त्यावर आधीच सोया लावलेला असेल तर पुन्हा बुडवायचा नाही. आल्याचं लोणचं दोन तुकड्यांच्या मध्ये, वरून ठेवून नाही. टिप देऊ नका. उशीर होणार असेल तर दहा मिनिटांचा असला तरी फोन करा.

आणि उठताना ताइशोकडे बघून 'गोचिसोसामा' (जेवणाबद्दल आभार) म्हणा. बाकी काही जपानी आलं नाही तरी चालेल.

तुमची तारीख कळवा. दोन खुर्च्यांसाठी मी ओकामी-सानशी बोलते. एप्रिलनंतर मी तिथे कुणासाठीच शब्द टाकलेला नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून टाकते.

---

निर्भीड_नागपूर | १६ ऑक्टोबर, रात्री १०.४०

हा प्रतिसाद मे महिन्याच्या आधी वाचायला मिळाला असता तर फार बरं झालं असतं. वाचनखूण साठवली.

---

पद्मजा_ठाणे | ३ डिसेंबर, रात्री ८.२५

परतलो. रानजाई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सहा जण मिळून काइतेन-झुशीला गेलो, मुलांनी ताटल्यांचा ढीग लावला. नणंदेने काकडीच्या माकीच्या चार ताटल्या खाल्ल्या. ती खूश.

गुरुवारी दुपारी बाराला आम्ही दोघं तुमच्या दुकानात. बाराला दहा कमी असताना दारात उभे होतो. मी मंगळसूत्र सोडून सगळं पर्समध्ये टाकलं होतं. काउंटरवर तो चरा दिसला, त्यावर पुन्हा पुन्हा पुसल्यासारखी चकाकी आली आहे. पहिला तुकडा कोहादा. मला आंबट-खारट मासा नवा होता, दुसऱ्या घासाला कळला. आमचे हे डावखुरे. ताइशो तुकडा थोडा तिरका ठेवतो, उजव्या हाताला उचलायला सोपा पडेल असा. यांनी पहिला तुकडा डाव्या हाताने उचलला. दुसऱ्या तुकड्यापासून यांच्यासमोरचा तुकडा उलट बाजूला तिरका यायला लागला, माझ्यासमोरचा तसाच. ताइशोने मान वर करून बघितलंही नव्हतं. बाहेर आल्यावर हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, बावन्न वर्षांत कुठल्याही हॉटेलात कुणी माझा हात बघितला नव्हता.

एक विचारायचं होतं. बाहेर रांग होती, तरी आम्ही होतो तेवढा वेळ कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. समोर ताटली आणि चहाचा मोठा कप मांडलेला होता. आम्ही निघेपर्यंत कुणी आलं नाही. ती त्या आजोबांची का?

---

रानजाई | ३ डिसेंबर, रात्री ९.५०

हो. वेंगुर्लेकरीणताईंचा पडवीचा प्रतिसाद मी ओकामी-सानना जपानीत करून सांगितला होता. त्यांच्याकडे पडवी नाही. पण नोव्हेंबरपासून गुरुवारी दीड वाजेपर्यंत ती खुर्ची कुणाला देत नाहीत, आणि मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने यायचं असं त्या आजोबांच्या घरी जाऊन सांगून आल्या आहेत.

अजून आलेले नाहीत. सून म्हणाली, थंडी कमी झाली की आणते.